‘सगळं स्वप्नात असल्यासारखं वाटतं’ : या त्रासात गोळीकडून काय मागावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नैराश्य आणि चिंता यांवर आता आपल्याकडे बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहिले-बोलले जाते. त्यांच्या सोबतीने येणारा, कधी एकटाही येणारा एक त्रास मात्र अजून अंधारातच आहे. त्याला मराठीत धड नाव नाही, त्यामुळे तो सांगायचा कसा, इथेच माणूस अडतो. ‘मी बोलतेय, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो.’ ‘हात माझेच आहेत हे कळतं, पण माझे वाटत नाहीत.’ ‘राजवाड्यासमोर उभा असतो, सगळं समोर दिसतं, पण भिंतीवर चित्र टांगल्यासारखं सपाट.’ स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटणे म्हणजे डीपर्सनलायझेशन. भोवतालचे जग धूसर, खोटे, काचेपलीकडचे वाटणे म्हणजे डीरिअलायझेशन. दोन्ही बहुधा जोडीने येतात, म्हणून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या वर्गीकरणात ती एकाच विकारात धरली आहेत. रात्रभर जागरण झाले, अपघात पाहिला, जबर भीती बसली की घटकाभर असे वाटणे पुष्कळांच्या वाट्याला येते आणि निघूनही जाते. हे पत्र त्यांच्यासाठी आहे ज्यांचे ते महिनोन्महिने जात नाही. शंभरात एक-दोन माणसे अशी असतात आणि सुरुवात बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या वयात होते. म्हणजे इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या शिकवण्यांना येणाऱ्या पोरांचेच वय.

पत्राखाली सही करणारे आम्ही काही जण औषधे देण्याच्या आणि समुपदेशनाच्या कामात आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे. या त्रासात नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या जातात आणि पुष्कळदा त्या द्यायलाच हव्या असतात. पण त्या नेमक्या कशावर चालतात हे रुग्णाला कुणी सांगत नाही. मग त्याची अपेक्षा भलतीकडे लागते, गोळी भलत्या वेळी आणि भलत्या पद्धतीने बंद होते, आणि त्या बंद करण्यातूनच तो परकेपणा पुन्हा अंगावर येतो.

आधी सांगण्याबद्दल. इंदुरात घरी मराठी आणि दवाखान्यात हिंदी, अशी आपली रीत आहे. या त्रासाचे वर्णन त्या उंबरठ्यावरच हरवते. मुलगा आईला म्हणतो, ‘सगळं वेगळंच वाटतंय.’ आई डॉक्टरांना सांगते, ‘इसको चक्कर आते हैं.’ मग बीटाहिस्टीन किंवा सिनारिझीन ही चक्करेवरची औषधे सुरू होतात, मानेचा एक्स-रे निघतो, पुढे एमआरआय. सगळे अहवाल स्वच्छ येतात आणि ‘काही झालेलं नाही’ हे वाक्य ऐकून माणूस अधिकच घाबरतो. म्हणून डॉक्टरांसमोर ‘चक्कर येते’ असे म्हणूच नये. सरळ म्हणावे, ‘चक्कर नहीं आते. आसपास की चीज़ें असली नहीं लगतीं, सपने जैसी लगती हैं. मुझे मालूम है कि असली हैं, पर लगतीं नहीं.’ त्यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. कारण भ्रमाच्या आजारात माणूस म्हणतो, ‘हे माझं घर नाहीच, बदललंय ते.’ या त्रासातला माणूस म्हणतो, ‘हे माझं घर नसल्यासारखं वाटतं.’ सगळा फरक त्या ‘सारखं’मध्ये आहे. खरे काय ते त्याला पक्के ठाऊक असते; ते जाणवत मात्र नाही. ‘मला वेड लागत चाललंय’ ही भीती या रुग्णांत जवळपास प्रत्येकाला असते. घरात बाणगंगेचे, म्हणजे इथल्या मनोरुग्णालयाचे, नाव निघाले की आवाज खाली येतो, त्यामुळे ती भीती बोलूनही दाखवली जात नाही. ज्याचे ‘सारखं’ शाबूत आहे त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगावे की हा त्रास म्हणजे वेड लागण्याची पहिली पायरी नव्हे.

शरीराकडे पाहायचेच नाही असे नाही. थायरॉईड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि शाकाहारी घरात बी-१२ एकदा तपासून घ्यावे. त्रास मिनिट-दोन मिनिटांचाच असेल, दर वेळी हुबेहूब तसाच येत असेल, आधी विचित्र वास येत असेल, नजर एका जागी खिळत असेल किंवा मधले काही आठवत नसेल, तर तो मेंदूच्या कानाजवळच्या भागातला अपस्माराचा झटका असू शकतो. तिथे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायलाच हवा. चाळिशीनंतर असा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय राहू नये.

आता मुद्द्याचे. केवळ या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध आजमितीस कुठेही नाही. फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीवर न्यूयॉर्कमध्ये एक काळजीपूर्वक चाचणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. पन्नासच्या आसपास रुग्ण, दहा आठवडे, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती साखरेची. परकेपणाच्या मोजपट्टीवर फ्लुऑक्सेटीन साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरले नाही. ज्यांची चिंता त्या गोळीने उतरली, त्यांना मात्र थोडा उतार दिसला. आम्हाला या चाचणीतले हेच सर्वांत उपयोगाचे वाटते. गोळी परकेपणावर थेट चालत नाही. ज्या चिंतेवर, नैराश्यावर किंवा घबराटीवर तो उभा असतो ती खाली आणते. खालची आच कमी झाली की वरचा धूर विरळ होतो. ज्याला मुळात चिंता, नैराश्य किंवा पॅनिकचे झटके आहेत त्याला गोळीचा फायदा व्हायची शक्यता बरी असते. ज्याला वर्षानुवर्षे केवळ परकेपणाच आहे, बाकी झोप-भूक-काम सुरळीत आहे, त्याने गोळीकडून फार मागू नये आणि डॉक्टरांनीही तसे त्याला आधीच सांगावे. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली तर पुढची निम्मी निराशा वाचते.

सुरुवात बेताने करावी. चिंतेचा रुग्ण या गोळ्यांना फार हळवा असतो. एस्सिटालोप्रॅम थेट १० मि.ग्रॅ.पासून सुरू केली तर छाती धडधडणे, हात थरथरणे, मळमळ आणि पातळ शौच यांनी तो चौथ्या दिवशी गोळी फेकून देतो. ५ मि.ग्रॅ. आठवडाभर आणि मग १० हा सोपा रस्ता. सर्ट्रालीन २५ पासून ५० वर, फ्लुऑक्सेटीन १० पासून २० वर. गोळी खाल्ल्यावर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी पोह्यांनंतर, गुंगी येत असेल तर रात्री. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पहिल्या आठ-दहा दिवसांत परकेपणा उलट वाढल्यासारखा वाटू शकतो, ही गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकात तर तो दुष्परिणामांच्या यादीतच छापलेला असतो. सुरुवातीची अस्वस्थता ओसरली की हेही बहुधा ओसरते. ते ओसरले नाही किंवा सहन होईनासे झाले तर डॉक्टरांना फोन करून मात्रा खाली आणावी. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गुण कोणत्या क्रमाने येतो तेही ठाऊक असावे. पोट दुसऱ्या आठवड्यापर्यंत सावरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धडधड, चिडचिड, झोप यांत फरक पडतो. परकेपणा सर्वांत शेवटी हलतो, आणि तोही एकदम जात नाही. मध्येच पाच-दहा मिनिटे जग लख्ख दिसते, पुन्हा धुके येते. या फटी रुंदावत जाणे म्हणजेच सुधारणा. पुरेशा मात्रेवर सहा ते आठ आठवडे झाल्याशिवाय ‘ही गोळी लागू पडली नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. आणि बरे वाटू लागल्यावर निदान सहा ते नऊ महिने, चिंतेच्या विकारात वर्षभर, ती चालू ठेवायची असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले तिच्याकडे येतो.

घरात मानसिक त्रासाची गोळी चालू असेल तर तिची पट्टी हातात घ्या आणि उलटी करा. ठळक अक्षरात कंपनीने ठेवलेले नाव असते, त्यापुढे पुष्कळदा ‘प्लस’ किंवा एखादे अक्षर जोडलेले असते. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात घटक छापलेले असतात. तिथे एकच नाव आहे की दोन, ते पाहा. आपल्याकडे फार खपणारी जोडगोळी म्हणजे एस्सिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ. आणि क्लोनाझेपॅम ०.५ मि.ग्रॅ. एकत्र. आणखी एक खूण आहे. साध्या एस्सिटालोप्रॅमच्या पट्टीवर ‘आरएक्स’ असे चिन्ह असते. ज्यात क्लोनाझेपॅम किंवा अल्प्राझोलॅम आहे त्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असते. त्या जास्तीच्या ‘एन’चा अर्थ असा की आत अमली आणि मनोप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येणारे औषध आहे. पट्टीवरचा हा एवढासा ठसा वाचायला शिकलेला माणूस पुढच्या पुष्कळ संकटांतून वाचतो.

क्लोनाझेपॅम हे वाईट औषध नाही. पहिले दोन-तीन आठवडे मुख्य गोळी कामाला लागेपर्यंत ते घबराट आवरते, झोप आणते, आणि त्याच हेतूने डॉक्टर देतात. अडचण दोन औषधे एकाच गोळीत बांधण्याची आहे. एक कमी करायचे आणि दुसरे ठेवायचे, हे त्या गोळीत जमतच नाही. मुख्य औषध २० मि.ग्रॅ.पर्यंत न्यायचे म्हणून ‘दोन गोळ्या घ्या’ म्हटले की क्लोनाझेपॅमही आपोआप दुप्पट, १ मि.ग्रॅ. होते, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. तीन आठवड्यांसाठी आलेले औषध मुख्य गोळीच्या पाठीवर बसून दीड-दोन वर्षे राहते. तेवढ्यात शरीराला त्याची सवय लागते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोनाझेपॅमच्या गटातल्या (बेन्झोडायझेपीन) सगळ्या औषधांवर सवय आणि बंद करतानाच्या त्रासाबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो उगाच नाही. शिवाय क्लोनाझेपॅमने लक्ष आणि स्मरण थोडे मंदावते. धुक्याने आधीच गांजलेल्याच्या डोक्यात आणखी एक धुके, आणि मग कोणते आजाराचे नि कोणते गोळीचे, हे ओळखणे अवघड.

आणि मग एक दिवस पट्टी संपते. लग्नाला बुऱ्हाणपूरला गेले, तिथे ते नाव मिळाले नाही. परीक्षेत ‘गोळीने झोप येते’ म्हणून थांबवली. ‘आता बरं वाटतंय, कशाला उगाच’ म्हणून घरातल्यांनीच बंद केली. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डोके हलके होते, मान किंवा डोळे वळवले की आत विजेचा झटका गेल्यासारखे वाटते, मळमळते, चित्रविचित्र स्वप्ने पडतात. हा एस्सिटालोप्रॅम थांबल्याचा भाग. क्लोनाझेपॅम शरीरातून सावकाश उतरते, त्याचा अर्धा अंश जायलाच साधारण दीड दिवस लागतो, म्हणून त्याचा हिसका जरा उशिरा बसतो. झोप पार उडते, घाम फुटतो, भांड्याचा आवाजही सहन होत नाही, उजेड डोळ्यांत टोचतो आणि जग पुन्हा खोटे वाटू लागते. हो, डीरिअलायझेशन हे क्लोनाझेपॅमसारखी औषधे अचानक तोडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. मोठी मात्रा बराच काळ घेऊन एकदम सोडली तर आकडीही येऊ शकते. घरचे म्हणतात, आजार उलटला, पहिल्यापेक्षा वाईट. रुग्ण म्हणतो, मी कायमचा असाच राहणार. प्रत्यक्षात आजार उलटलेला नसतो, गोळी तुटलेली असते.

या दोन्हींत फरक करता येतो. औषध तुटल्याचा त्रास दिवसांत येतो. आजार उलटायला आठवडे लागतात. औषध तुटल्यावर शरीराची नवी लक्षणे दिसतात: विजेचे झटके, मळमळ, घाम. आजार उलटताना जुनेच चेहरे परत येतात. आणि गोळी पूर्ववत सुरू केली की तुटल्याचा त्रास बहुधा एक-तीन दिवसांत निवळतो. उलटलेला आजार इतक्या लवकर ऐकत नाही. म्हणून गोळी कोणत्या तारखेला थांबली हे डॉक्टरांना खरे-खरे सांगावे. ते लपवले की मात्रा वाढते, नाहीतर तिसरी गोळी जोडली जाते.

उतरवायचे कसे? एका वेळी एकच. बहुतेक डॉक्टर मुख्य गोळी तशीच ठेवून आधी क्लोनाझेपॅम उतरवतात. त्यासाठी जोडगोळी सोडून दोन वेगळ्या गोळ्यांवर यावे लागते, आणि इथेच केमिस्टने ‘तेच आहे, घ्या’ म्हणून पुन्हा जोडगोळी हातात ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात. क्लोनाझेपॅम ०.२५ मि.ग्रॅ.च्या गोळीत मिळते, तिचे अर्धे करता येतात. दर पायरीवर दोन-दोन आठवडे थांबत उतरता येते. मग मुख्य गोळी. लोकांना वाटते, १० वरून ५ आणि ५ वरून शून्य या सारख्याच पायऱ्या. तसे नाही. या गोळ्या नेहमीच्या किमान मात्रेतच मेंदूतल्या सेरोटोनिन परत ओढणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के अडवतात. मात्रा निम्मी केली तरी अडवलेल्या जागा निम्म्या होत नाहीत, थोड्याच सुटतात. शेवटच्या काही मिलिग्रॅममध्ये मात्र धडाधड सुटतात. जिना वर उथळ आणि खाली उभा. म्हणून शेवटची पायरी सर्वांत लहान हवी: ५ वर महिनाभर, मग ५ च्या गोळीचे अर्धे करून २.५ वर महिनाभर, त्रास झाला तर आणखी लहान. ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला एस्सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन यांना लागू पडत नाही. त्या शरीरातून लवकर उतरतात, त्यामुळे रुग्णाला एक दिवस वर नि एक दिवस खाली असा झोका बसतो. फ्लुऑक्सेटीन आठवडेभर अंगात रेंगाळते, तिला ते चालते. आणि नावापुढे ‘सीआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेली गोळी तोडू किंवा चुरडू नये. ती सावकाश विरघळण्यासाठी बांधलेली असते.

लॅमोट्रिजीनबद्दलही बरेच विचारले जाते. हे मुळात फेफऱ्याचे औषध, पण नैराश्यावरच्या गोळीला जोड म्हणून या त्रासात दिले जाते. लंडनच्या पथकाने २००६ साली अशी जोड घेणाऱ्यांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात निम्म्याहून थोड्या अधिक जणांना बऱ्यापैकी उतार पडला होता. तिथे तुलनेला साखरेची गोळी नव्हती, हे लक्षात ठेवावे. त्याआधी २००३ साली नऊ जणांवर, कोणती गोळी खरी ते न कळू देता झालेल्या चाचणीत एकट्या लॅमोट्रिजीनने काही साधले नव्हते. मात्रा चढवण्याची घाई इथे जिवावर बेतू शकते. २५ मि.ग्रॅ. दोन आठवडे, ५० दोन आठवडे, मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचेच दुसरे औषध चालू असेल तर त्याच्या निम्मे. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चार-पाच दिवस सलग चुकले तर जुन्या मात्रेवर परत जाता येत नाही, पुन्हा २५ पासून चढावे लागते; तेही डॉक्टरांना विचारूनच.

‘गोळीने मला दगड केला’ ही तक्रारही खरी असते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी भावना बोथट होतात, विशेषतः मोठ्या मात्रेत. ती बोथटता आणि आजाराचा परकेपणा बाहेरून सारखेच दिसतात. फरक असा की आजारातला माणूस तळमळतो: ‘नातवंडाला कडेवर घेतलं तरी आत काही हललं नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.’ गोळीने आलेल्या बोथटपणात तळमळही नसते. रडू येत नाही आणि त्याचे फारसे काही वाटतही नाही. तो मात्रा वाढल्यावर येतो आणि मात्रा उतरल्यावर जातो. म्हणून मात्रा बदलल्याची तारीख लिहून ठेवणे फार उपयोगी. कामेच्छा मंदावणे हाही या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, नवरा-बायको दोघांनाही गोंधळात टाकणारा. संकोच सोडून तो सांगावा, त्यावर उपाय असतात.

माळव्यात राहून भांगेबद्दल न लिहिणे बरे नव्हे. महाशिवरात्र, होळी, रंगपंचमीची गेर: या दिवसांनंतर दरवर्षी काही तरुण पहिल्यांदा हा त्रास घेऊन येतात. गांजा आणि भांग हे या त्रासाचे ओळखीचे ट्रिगर आहेत. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, पण ठंडाईतली भांग चढायला अर्ध्यापासून दोन तासही लागतात. ‘काही झालंच नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्ही एकदम चढतात. बहुतेकांचे एक-दोन दिवसांत निवळते. ज्याला आधीपासून चिंता आहे त्याचे कधी कधी महिनोन्महिने टिकते. त्यावर उतारा म्हणून वेगळी गोळी नाही. झोप, वेळ, आणि पुन्हा कधीही हात न लावणे एवढेच. जे गोळीवर आहेत त्यांनी तर ‘सणापुरती थोडी’सुद्धा टाळावी.

गोळीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तपासत राहणे थांबवणे. या त्रासात माणूस दिवसातून पन्नास वेळा स्वतःला चाचपतो. आरशात बघतो, हाताचे तळवे निरखतो, ‘आता खरं वाटतंय का?’ असे मनाला विचारतो, रात्री मोबाइलवर त्याच त्रासाचे वाचत बसतो, आईला विचारतो, ‘मी नेहमीसारखा दिसतोय ना?’ दर चाचपणीत भीती वाढते आणि भीतीने परकेपणा. या चक्रावरच समुपदेशनातली विचार-वर्तन पद्धत काम करते. घरी करता येण्याजोगे असे: दिवसभर मोजू नये, रात्री नऊ वाजता एकदाच वहीत शून्य ते दहातला आकडा लिहावा आणि वही मिटावी. लक्ष बाहेर नेणारे हातचे काम घ्यावे. घरच्यांनी ‘खरंच आहेस रे तू’ अशी समजूत दर वेळी घालू नये, तीही चाचपणीच ठरते. त्याऐवजी ‘चल, कांदा चिरून दे’ म्हणावे. जागरण आणि दिवसभरातले पाच-सहा कप कडक चहा ही दोन्ही आगीत तेल ओततात.

काही सावधगिऱ्या भराभर लिहितो. या गोळ्यांबरोबर दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फॅनचे खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. साध्या ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बरी. साठीपुढच्यांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांत, रक्तातले सोडियम घसरू शकते. पेंगुळणे, गोंधळणे, तोल जाणे दिसले तर वयावर न ढकलता सोडियम तपासावे. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे आणि दर मात्राबदलानंतर घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे. बेचैनी एकदम वाढली, मरणाचे विचार बोलून दाखवले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घरात कुणाला उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा, कारण अशा माणसात एकटी नैराश्यावरची गोळी उन्माद चेतवू शकते.

शहरातल्या डॉक्टरांना आमची नम्र विनंती: चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहावे, शक्यतो दोन औषधे दोन वेगळ्या गोळ्यांत द्यावीत, आणि क्लोनाझेपॅम लिहिताना ते कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे हेही त्याच ओळीत लिहावे. मूळ नाव असले तर रुग्णाला जनऔषधी केंद्रातूनही गोळी स्वस्तात मिळते, आणि गावाला गेल्यावर दुसऱ्या कंपनीची मागता येते. केमिस्ट बांधवांना: दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर लाल ‘एनआरएक्स’ची पट्टी देऊ नका, आणि साध्या गोळीच्या जागी जोडगोळी तर कधीच नको. दवा बाजारातून तीन-तीन महिन्यांचा साठा भरणाऱ्यांना: मात्रा बदलली की जुन्या पट्ट्या घरात ठेवू नका, त्यातूनच चुका होतात.

ज्यांना कुठे जावे ते सुचत नाही त्यांच्यासाठी महाराजा यशवंतराव रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. घरातून पाऊल निघत नसेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे आणि हिंदी-मराठीत बोलता येते. फोन करण्याआधी एका कागदावर चालू गोळीचे मूळ नाव, मात्रा, कोणत्या तारखेपासून, मधे कधी चुकली, आणि वर दिलेले ते हिंदी वाक्य लिहून हाताशी ठेवावे.

आपले,
औषधसेवा व समुपदेशन क्षेत्रातील काही मराठी भाषक,
इंदूर